सगळ्यात कमी विक्रीवाला पारवा

दुपारची झोपमोड करून गोष्ट सांगायला बसवलंत, आता मध्ये बोलू नका.

फार मागं एका बाभळीवर सुगरणबाईंचा घरटी विकायचा छोटा धंदा होता. विक्रीच्या कामाला चिमणा, बुलबुल आणि म्हातारा पारवा. धंदा वाढावा म्हणून बाईंनी हिशेबी पोपट आणला. त्यानं महिनाभर विक्री मोजली.

"बाई, पारवा एकेका गिऱ्हाइकाशी दिवसभर घुमत बसतो. विक्री सगळ्यात कमी. काढा त्याला."

"अहो, पहिल्या दिवसापासून आहे तो."

"आकड्यांना नातीगोती नसतात."

बाईंनी पारव्याला घालवलं. "बरं बाई," म्हणून तो उडून गेला.

दुसऱ्या दिवशी साळुंकी कचाकचा भांडतच आली. "घरटं उसवलं माझं! कुठाय पारवा?"

चिमणा पानाआड दडला. बुलबुल म्हणाला, "बाई, भांडणारं गिऱ्हाईक आम्ही पारव्याकडंच धाडायचो. तो ऐकून घ्यायचा, काडी खोचून द्यायचा. गिऱ्हाईक पुन्हा आपल्याकडंच यायचं."

"पोपटराव, हे का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विक्री मोजायला सांगितली होतीत."

साळुंकीनं रानभर बोंब मारली. गिऱ्हाईक तुटलं. शेवटी पारवा राहायचा त्या विहिरीवर बाई गेल्या. आत तो घुमत होता. बाईंनी चोच उघडली, पण "चुकलं माझं" एवढं काही निघेना. तशाच परतल्या.

मला कामावरून काढल्यापासून आमच्या कारखान्याचे मालक भाऊसाहेब वाघचौरे माझ्या दारापर्यंत दोनदा येऊन असेच परत गेलेत.