पालथ्या होडीखालचा उजेड

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या खाडीला अजून कुणी नावही ठेवलं नव्हतं. पोरांनो, ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही तर कान उघडून ऐका, तुमच्यासाठीच सांगतेय.

खाडीच्या अलीकडे गाव, पलीकडे चर्च. मधे एकच होडी आणि एकच नावाडी. होडी निळीभोर, पुढच्या टोकावर पांढरा क्रूस रंगवलेला.

नावाडी वल्हं चालवायचा आणि तोंडही चालवायचा. "काय गं, सकाळची प्रार्थना चुकवलीस ना? आणि तू रे, काल बायकोवर ओरडत होतास, सगळ्या गावाने ऐकलं." दुसऱ्याची पापं त्याला तोंडपाठ.

होडीत रोज थोडं पाणी साचायचं. तो करवंटीने उपसायचा आणि खेकसायचा, "ओले पाय घेऊन चढता मेल्यांनो! तुमच्याच पायांचं पाणी हे." लोक बिचारे पाय पुसून चढायला लागले. तरी पाणी साचतच होतं. उलट वाढत होतं.

मग इस्टरचा सण आला. पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायला निघालेली मुलं पांढऱ्या कपड्यांत धक्क्यावर उभी राहिली. त्यांत नावाड्याची लेकही होती. एवढ्यात त्याची सासू होडीसमोर आडवी आली.

"जावईबापू, होडी पालथी घाल. त्याशिवाय माझी नात यात बसणार नाही."

"सासूबाय, सणाच्या दिवशी कटकट नको. समोर क्रूस आहे, दिसत नाही?"

"क्रूस दिसतो. तळ तू कधी बघितलास?"

लोक फिदीफिदी हसले. म्हातारीची जिरवायचीच म्हणून नावाड्याने चौघांच्या मदतीने होडी वाळूत पालथी घातली. तळ डांबराने काळा कुळकुळीत.

"बघा! आहे कुठे भोक?"

"बाहेरून काय बघतोस? आत शीर."

तो रागारागाने आत शिरला. आत काळोख. आता बाहेर जाऊन म्हातारीला चांगलं सुनावतो, असं म्हणत त्याने वर पाहिलं.

डोक्यावर चांदण्या होत्या! भरदुपारी, त्याच्याच होडीत. बारीक बारीक, लखलखत्या. त्याच्या अंगावर काटा आला. हात जोडावेत की लपावं, त्याला कळेना.

त्याने एका चांदणीला बोट लावलं. फळी भुसभुशीत झाली होती. बोट आरपार गेलं, आणि उजेडाची धार सरळ त्याच्या तोंडावर पडली.

ती चांदणी नव्हती, किडीने पाडलेलं भोक होतं. सगळीच भोकं होती. आणि याच होडीत तो आपल्या लेकीला भर खाडीत नेणार होता.

तो गुडघ्यांवर आला. "देवा, मी लोकांना बोलत राहिलो. तू मला बुडवू शकला असतास. पण तू तर एकेका भोकात दिवा लावून दाखवलंस!"

बाहेर आला तेव्हा तो रडत होता. लोकांसमोर हात जोडून म्हणाला, "पाणी तुमच्या पायांचं नव्हतं. माझंच होतं."

मग ज्यांना तो रोज बोलायचा, त्यांनीच फळी आणली, भोकं बुजवायला कापूस आणला, राळ तापवली. पलीकडे फादर वाट पाहत थांबले. दिवस कलता कलता मुलं पोहोचली, आणि एकाचाही पाय भिजला नाही.

त्या दिवसापासून नावाडी रोज संध्याकाळी चौघांच्या मदतीने होडी पालथी घालून खाली शिरायचा. आधी देवाचे आभार मानायचा, मग वर बघायचा, मग आपल्या मनातही डोकवायचा. लेकीने एकदा विचारलं, "बाबा, कालच तर सगळं बुजवलंस ना?"

"कीड रोज खाते गं, बाय. मग मी रोज बघायला नको?"

बोध: दुसऱ्याच्या पायांकडे बोट दाखवण्याआधी रोज देवासमोर आपला तळ तपासा, तुमचं भोक दाखवणारा उजेड त्याचाच असतो.