चुन्याचा कुंचा

"...म्हणजे शंभर रकात नमाज पढली, तर आज रात्री माफी पक्की ना, उस्ताद?"

दस्तगीर उस्तादांनी गादीतून सुई वर ओढली. धंदा गाद्या शिवण्याचा, पण निम्म्या मोहल्ल्याला कुराण वाचायला शिकवलं ते यांनीच. समोर बसून विचारणाऱ्या या इर्शादलासुद्धा. पुढे तो मोठ्या मदरशात शिकून आला, आणि गेलं वर्षभर मशिदीत बांग तोच देतो. आवाज असा, की चालता माणूस थांबावा. हे त्यालाही चांगलं ठाऊक!

"शबे-बारात आहे," उस्ताद म्हणाले. "आज अल्लाकडे माफी मागशील. माणसांकडे मागितलीस?"

इर्शादने लगेच फोन पुढे धरला. "सकाळीच मेसेज टाकला. 'कळत-नकळत मन दुखावलं असेल तर माफ करा.' ओळखीच्या एकूण एक माणसाला!"

"अप्पालालला?"

"...त्यांच्याकडे फोन कुठाय?"

अप्पालाल म्हणजे आधीचा बांगी. म्हाताऱ्याचे दात पडले तसे शब्द बोबडे झाले. 'उच्चार धड नाहीत, कसली ही बांग!' असं भर जमातीत, त्याच्या तोंडावर, इर्शादच बोलला होता. चार लोक हसले. दुसऱ्या दिवशी म्हातारा मशिदीची खोली सोडून कब्रस्तानाजवळच्या पत्र्याच्या खोपटात राहायला गेला तो गेलाच.

"मी खोटं नव्हतो बोललो, उस्ताद. उच्चार चुकतच होते."

"हं. चाळीस वर्षं वरच्याला समजत होते."

इर्शाद फोनवर उगाच अंगठा फिरवू लागला.

"अब्बांच्या कबरीवर जाऊन आलास?"

"आत्ताच. फुलं घातली. कुणीतरी आधीच गवत काढून, चुना मारून ठेवलेला. पांढरीशुभ्र कबर."

"कुणी?"

"कमिटीनं असेल."

उस्तादांनी सुईनेच कोपरा दाखवला. पालथ्या बादलीवर चुन्याचा कुंचा पडला होता.

"माझाच आहे. अप्पालाल मागून घेऊन गेला होता, मघाशी आणून ठेवला. म्हणाला, पोराला पाच वेळा बांग द्यायची असते, त्याला सवड कुठली..."

इर्शाद उठला. कुंच्याला बोट लावून बघितलं. चुना अजून ओला होता.

बोट पांढरं झालं. शंभर रकातींचं त्याने पुन्हा काही विचारलं नाही.

मग फोन खिशात घातला. चपला पायात सरकवल्या. वळला तो मशिदीकडे नाही, कब्रस्तानाच्या रस्त्याकडे. दोन पावलं टाकून थबकला.

"उस्ताद... सांज होत आली, मगरिबच्या नमाजाला थोडाच वेळ राहिलाय. मला तिथेच उशीर झाला, तर आज बांग कोण देईल?"

उस्तादांनी दोरा दाताने तोडला.

"ज्याच्या दारात उभा असशील, तो."