नंदकाने गोड केलेला निरोप

पूर्वी अश्मपूर नगरात सोमवर्धन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व त्याच्या पदरी मंत्री होता. त्या जन्मी त्याचे नाव श्रुतसेन होते.

राजा मनाने वाईट नव्हता. त्याची खोड एकच होती. वाईट बातमी आणणाऱ्याला तो रागावत नसे, शिक्षाही करीत नसे. फक्त दुसऱ्या दिवशी त्या माणसाचे आसन सभेत थोडे मागे सरकलेले असे. अशी काही आसने सरकत सरकत दाराशी गेल्यावर बाकीच्यांनी घ्यायचा तो धडा घेतला. तेव्हापासून अश्मपुरात सारे कसे सुरळीत चालले होते.

राजाची आई वारली. तिच्या स्मरणार्थ नगराबाहेरच्या काळ्या डोंगरात एक मोठे लेणे कोरावे, पावसाळ्यात तपस्व्यांना तिथे निवारा मिळावा, असे त्याने ठरवले. आईला कोंदट, अडचणीची जागा आवडत नसे, म्हणून आत एकही खांब नको, असेही त्याने सांगितले. या कामावर दृढवर्मा नावाचा अध्यक्ष नेमला गेला. तो डोंगराच्या पायथ्याशी मंडपात बसे. वर कातळात पाथरवट राबत आणि त्यांचा ज्येष्ठक, म्हणजे मुख्य कारागीर, इसिपाल होता. पाथरवटांना डोंगराच्या कुशीत झोपड्या दिल्या होत्या. परवानगीवाचून जो हत्यार खाली ठेवील त्याची झोपडी काढून घ्यायची, असा अध्यक्षाचा नियम होता.

या दोघांचे पहिल्याच वर्षी बिनसले. दृढवर्म्याने इसिपालाला काही विचारायला बोलावले आणि दिवसभर उन्हात उभे ठेवले. इसिपालाने संध्याकाळी त्याच्या मंडपात छिन्नी फेकली आणि तो डोंगर चढून गेला. त्यानंतर दोघांनी एकमेकांचे तोंड पाहिले नाही. काम मात्र एकाच डोंगराचे होते, त्यामुळे मधे एक निरोप्या लागला.

निरोप्ये टिकत नसत. एकाने इसिपालाची शिवी जशीच्या तशी खाली नेली, तेव्हा दृढवर्म्याने त्यालाच उन्हात उभे केले. दुसऱ्याने अध्यक्षाचा टोमणा वर आणला, तेव्हा इसिपालाने त्याची शिदोरी कड्यावरून खाली भिरकावली. दोघे मोठी माणसे भांडत होती आणि फटके खाणारा भलताच होता. असे बरेच दिवस चालल्यावर नंदक आला.

नंदक स्वभावाने मऊ होता. कुणाचा आवाज चढला की तो तिथून पाय काढी. डोंगर उतरताना तो निरोपातली शिवी काढून टाकी आणि चढताना टोमणा. त्यात वावगे काहीच नव्हते. उलट दोघांनाही वाटू लागले की समोरच्याला अक्कल आली. डोंगरावरची धुसफूस थांबली आणि सगळे नंदकाला दुवा देऊ लागले. पण शिव्या काढून टाकायची सवय लागलेल्या माणसाला हळूहळू नकारही शिवीसारखाच वाटू लागतो. नंदकाने नकार काढून त्या जागी ‘बघू’ घातले. मग तक्रार काढली. मग इशारा.

डोंगर कोरायची रीत अशी, की काम छतापासून सुरू होते आणि खाली खाली जाते. आज ज्या कातळावर उभे राहायचे तोच उद्या फोडायचा. खांब ठेवायचा असेल तर तेवढा कातळ आधीच राखून ठेवावा लागतो, कारण फोडलेला कातळ पुन्हा जोडता येत नाही. इसिपालाने छताचा दगड पाहिला, ठोकून पाहिला आणि मधल्या कातळापाशी काम थांबवले.

“त्याला सांग,” तो नंदकाला म्हणाला, “मधला कातळ काढला तर छत खाली येईल. इथे दोन खांब राहू दे. नाहीतर मी घाव घालणार नाही, आणि वर येऊन स्वतः घाल म्हणावे.”

नंदकाने मंडपात सांगितले, “ज्येष्ठकांना वाटते, मधे दोन खांब असते तर बरे झाले असते.”

“त्याला काय वाटते ते मी विचारले आहे का?” दृढवर्मा म्हणाला. “महाराजांना खांब नकोत. कातळ काढायला सांग.”

नंदक वर आला आणि म्हणाला, “अध्यक्षांनी ऐकून घेतले. खांबांचे ते बघतील. तोवर कडेकडेने काम चालू द्या.”

हे बोलताना त्याचा हेतू खोटे बोलण्याचा नव्हता. अध्यक्षाचा राग उतरला की चांगली वेळ बघून आपणच खांबांचा विषय काढू, असे त्याने मनाशी ठरवले होते. ती चांगली वेळ काही आली नाही. इसिपालाने खांबांपुरता कातळ राखला आणि तो आज्ञेची वाट पाहू लागला. दृढवर्म्याच्या कानावर गेले की मधे न फोडलेल्या कातळाचे दोन ढीग अजून उभे आहेत. त्याने कडक शब्दांत निरोप पाठवला की ढीग निघाले नाहीत तर झोपड्या रिकाम्या कराव्या लागतील. वर पोचेपर्यंत त्या निरोपाचे असे झाले: “अध्यक्षांनी सगळा विचार केला आहे. ते दोन ढीग काढून घ्या म्हणाले.” समोरच्याने आपले ऐकून, विचार करून हे ठरवले आहे, असे समजून इसिपालाने जड मनाने धाकट्या भावाला, वासुकाला, माणसे घेऊन आत जायला सांगितले.

इकडे सभेत डोंगराकडून येणारी खबर सतत चांगलीच असे. राजा खूश होता. श्रुतसेनाला मात्र चैन पडेना. कातळ फोडायचे काम आणि त्यात कुणाची कधी कुरकूर नाही, हे त्याला पटत नव्हते. त्याने डोंगरावर जाण्याची परवानगी मागितली. राजा म्हणाला, “सुखाने चालले आहे, त्यात हात कशाला घालता?” त्याने पुन्हा मागितली, तेव्हा राजाने तोंड फिरवले. श्रुतसेनाचे आसन एका रांगेने मागे गेले. तिथूनही त्याने पुन्हा तेच मागितले, आणि अखेर कंटाळून राजाने हो म्हटले.

डोंगराच्या पाऊलवाटेने चढताना त्याला एक माणूस उतरताना दिसला. तो स्वतःशीच बोलत होता. श्रुतसेन वाटेच्या कडेला थांबला.

“ज्येष्ठक म्हणतात, छतातून कडकड ऐकू येते, माणसे बाहेर काढू का,” तो माणूस पुटपुटला. मग मान हलवून त्याने पुन्हा जुळवणी केली. “ज्येष्ठक म्हणतात, आज काम जरा लवकर थांबवावे का.” आणखी चार पावले उतरल्यावर तो म्हणाला, “ज्येष्ठक म्हणतात, माणसे दमली आहेत.” हे वाक्य त्याला पसंत पडलेसे दिसले.

श्रुतसेनाने त्याचा हात धरला. “ज्येष्ठक खरोखर काय म्हणाले?”

नंदक घाबरला. “ते रागात होते, आर्य.”

“राग राहू दे. म्हणाले काय?”

नंदकाने डोळे मिटले आणि मूळ शब्द सांगितले. “छत बोलते आहे. माणसे आत्ताच्या आत्ता बाहेर काढायची परवानगी दे. उशीर केलास तर आतल्या प्रत्येकाचा जीव तुझ्या माथी.”

श्रुतसेन लेण्याकडे वळला आणि धावत सुटला. त्याने मंत्र्याच्या अधिकाराने ओरडून परवानगी दिलीही, पण वाट लांब होती आणि वर घणांचा आवाज चालू होता. मग तो आवाज थांबला. लेण्याच्या तोंडातून धूळ बाहेर आली आणि बराच वेळ येतच राहिली.

इसिपाल वाचला, कारण तो उत्तराची वाट पाहत तोंडाशी उभा होता. वासुक आणि त्याच्याबरोबरचे सगळे आत राहिले.

राजा आला. दृढवर्मा वर चढून आला. इतक्या वर्षांनी तो आणि इसिपाल समोरासमोर उभे राहिले, ते त्या दगडांच्या ढिगापाशी.

“मी सांगितले होते तुला,” इसिपाल म्हणाला.

“दोन खांब असते तर बरे, एवढेच तू कळवलेस,” दृढवर्मा म्हणाला. “छत पडेल असे तू कधीच म्हणाला नाहीस.”

दोघांनी एकदमच नंदकाकडे पाहिले. तो खाली बसला होता. त्याने काहीच नाकारले नाही.

राजाने नंदकाच्या कडेलोटाची आज्ञा दिली. मग तो श्रुतसेनाला म्हणाला, “तुम्हाला एकट्याला संशय आला. आजपासून हे काम आणि अध्यक्षाला दिलेली सगळी गावे तुमची.”

“गावे नकोत, महाराज,” श्रुतसेन म्हणाला. “या माणसाचा जीव द्या. आणि मला एक विचारू द्या. लेण्यात खांब का नको होते?”

“आईला अडचण आवडत नसे.”

“शेवटच्या दिवसांतही?”

राजा थांबला. त्याला आठवले ते त्याने सांगितले, आणि सांगताना त्याचा स्वर उतरत गेला. “शेवटी शेवटी तिला दिसत नव्हते. खांब धरून धरून ती चालायची. एक सोडला की दुसरा लागेपर्यंत हात पुढे करायची.”

“छतासाठी दोन खांब हवेत, असे कुणी कळवले असते तर?”

“ठेवा म्हणालो असतो,” राजा म्हणाला. “मला कुणी विचारलेच नाही.”

दृढवर्म्याने मान खाली घातली. विचारायचे त्याच्याही मनात एकदा आले होते. त्याला आपले आसन आठवले होते.

श्रुतसेन शांतपणे म्हणाला, “नंदकाने शब्द गाळले, महाराज, आणि त्याने माणसे मेली. ते मी लपवणार नाही. पण त्याच्याआधी खरे शब्द नेणारे उन्हात उभे राहिले, उपाशी राहिले. आणि महाराजांना शेवटची वाईट बातमी ज्याने सांगितली, तो आज सभेत कुठे बसतो ते महाराजांना ठाऊक आहे. एका माणसाला कड्यावरून ढकलले तर उद्याचा निरोप आणखी गोड होईल.”

आता मंत्र्याचेच काय होते इकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. राजाने दगडांकडे पाहिले आणि आपली आज्ञा मागे घेतली.

“तो जगेल,” इसिपाल म्हणाला. “माझा भाऊ नाही जगायचा.”

श्रुतसेन त्याच्याजवळ जाऊन बसला आणि माणसे दगड उपसत होती तोवर बसून राहिला.

नंतर त्याने राजाकडे निरोप्याचे काम मागून घेतले. मंत्रिपद सोडून तो उरलेली वर्षे ती पाऊलवाट चढला-उतरला. त्याने एकच रीत घातली. ज्याला निरोप मिळाला त्याने तो आपल्या तोंडाने म्हणून दाखवायचा, आणि ते म्हणणे निरोप्याने परत नेऊन पाठवणाऱ्याला ऐकवायचे. त्याने ‘हो, हेच’ म्हटले तरच निरोप पोचला. राग वाटेत राहिला तरी चालेल, अर्थ राहता कामा नये, असे तो म्हणे. त्या डोंगरात पुढे दुसरी लेणी झाली आणि त्यांत खांब होते. पहिले लेणे तसेच पडून राहिले.

पण ते सारे पुढचे. त्या दिवशी, दगडांतून शेवटचा माणूस काढल्यावर, श्रुतसेनाने नंदकाला जवळ बोलावले. “एक निरोप राहिला आहे,” तो म्हणाला. “झोपड्यांत जा. ही माणसे आत का होती, ते त्यांच्या घरच्यांना सांग.”

नंदक डोंगर उतरू लागला. त्याचे ओठ हलत होते. वासुकाच्या झोपडीत दिवा होता आणि बायको दारात बसली होती. तिच्यासमोर येऊन उभा राहिल्यावर त्याचे ओठ थांबले. मग त्याने एकही शब्द न गाळता सगळे सांगितले.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा भिक्षूंना सांगितली, त्या दिवशी सकाळी विहारातला एक आजारी स्थविर, म्हणजे वयोवृद्ध भिक्षू, वारला होता. टोकाच्या कुटीत तो एकटा पडून असे, आणि त्याची विचारपूस करून येणारा भिक्षू सुप्पिय रोज ‘बरे आहेत’ असेच सांगत आला होता. वैद्याला कुणी बोलावले नव्हते.

कथा संपवून शास्ता म्हणाले, “त्या वेळचा राजा म्हणजे आज या विहाराचा व्यवस्थापक असलेला भिक्षू होय. दृढवर्मा आणि इसिपाल म्हणजे कालपर्यंत एकमेकांशी अबोला धरून बसलेले दोन स्थविर. श्रुतसेन मीच होतो.”

एवढे बोलून ते थांबले. नंदक कोण, हे त्यांनी सांगितले नाही. मग मागच्या रांगेतून सुप्पिय उठला.

“भंते, नंदक मी होतो,” तो म्हणाला. “स्थविर मला रोज सांगत होते की छातीत कळ येते, कुणाला तरी बोलवा. सगळ्यांना त्रास नको म्हणून मी...”

शास्त्यांनी त्याला खाली बसवले नाही आणि दोषही दिला नाही. तो बोलू शकेपर्यंत ते थांबले. सुप्पियाने स्थविरांचे शब्द पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितले आणि संघाने ते ऐकून घेतले. तेव्हा शास्ता म्हणाले, “भिक्षूंनो, सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, ती हीच.”