करपलेल्या भाकरीची दवंडी

बाळगोपाळांनो, आणि त्यांना मांडीवर घेऊन बसलेल्या थोरामोठ्यांनो, ही गोष्ट फार पूर्वीची आहे. बातमीला तेव्हा कागद मिळाला नव्हता, नुसता आवाज होता. कुणाची म्हैस हरवली, गूळ काय भावाने गेला, राजवाड्यात काय शिजलं, हे सारं दवंडीवाले सांगत. दिवस कलला की ते बाजारातल्या पारावर चढत, हलगी वाजवत आणि बोलू लागत. ऐकणारे त्यांच्या झोळीत धान्य टाकत. म्हशीच्या बातमीला अर्धी मूठ पडे, राजवाड्याच्या बातमीला भरलेली. माणसाचा स्वभाव तेव्हाही हाच होता.

त्या राज्यात जोंधळा पिके, आणि त्या राज्याची एक रीत होती. नवा जोंधळा घरात आला की एका ठरलेल्या दिवशी प्रत्येक गाव आपल्या पहिल्या पिठाची भाकरी टोपलीत घालून राजवाड्याच्या ओट्यावर ठेवून येई. गावाला राजाराणी मान्य असतील तर टोपली येई, नसतील तर येत नसे. भांडण नाही, आरडाओरडा नाही. ओटा अर्धाही भरला नाही, तर राजाराणीने मुकाट्याने गादी सोडायची. आणि त्या दिवशी राणीनेही आपल्या हातची एक भाकरी सगळ्यांच्या आधी ओट्यावर ठेवायची.

अशा त्या राज्यात एक तरुण राजा गादीवर आला. त्याने लग्न करून राणी आणली ती नदीपलीकडच्या एका नावाड्याची मुलगी. तिच्या माहेरी भात पिके, भात शिजे आणि भातच खाल्ला जाई. जोंधळ्याची भाकरी तिने जन्मात थापली नव्हती.

बिचारी शिकू लागली. राजवाड्याच्या मागच्या स्वयंपाकघरात रोज परात घेऊन बसे. कधी भाकरी हातातच तुटे, कधी तव्यावर टाकताना दुमडे, आणि कधी धड पडलीच तर करपे. करपलेल्या भाकऱ्या ती पहाऱ्याच्या कुत्र्यांना घाली. कुत्री खूश होती. राणी मात्र मनातून धास्तावली होती. भाकरीचा दिवस जवळ येत होता, आणि ज्याच्यासाठी माहेर सोडून आली त्या राजाची गादी आपल्या हातांनी जाईल की काय, असं तिला वाटे.

त्या स्वयंपाकघराला एक मागचं दार होतं. जुन्या राजाच्या काळापासून ते सकाळी उघडं असे. दवंडीवाले येत, पायरीवर बसत, ताक पीत आणि जे दिसेल ते बघत. एके दिवशी त्यांनी बघितलं, की राणीने भाकरीचा एक घास घेतला आणि बाकीची ताटातच राहिली. संध्याकाळी पारावरून आवाज आला, "ऐका हो ऐका, नव्या राणीच्या घशाखाली आपली भाकरी उतरत नाही हो."

लोक हसले. राजा हसला नाही. राणीवर त्याचा फार जीव होता, आणि जीव लावलेल्या माणसाला शहाणपण जरा उशिरा सुचतं. त्याने मागच्या दाराला अडसर घातला आणि म्हणाला, "आता बघू कोण काय बघतं ते."

राणीलाही आधी बरंच वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. कुणी बघत नसलं की भाकरी थोडी बरी होते, असं तिला वाटलं. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. दवंडीवाल्यांनाही पोट होतं. ते भिंतीबाहेर बसू लागले. आतून करपलेला वास आला, कुत्र्यांच्या तोंडात भाकरीचे तुकडे दिसले, आणि उरलेली गोष्ट त्यांनी घरी नेऊन रांधली.

"राणी आपली भाकरी कुत्र्यांना टाकते हो."

राजा संतापला. "याला उत्तर दिलंच पाहिजे."

"पण ते थोडं खरं आहे," राणी म्हणाली.

"थोडं खरं असतं तेच जास्त झोंबतं. तू काही बोलू नकोस, मी बघतो."

त्याने बैलाच्या पाठीवर मोठा नगारा चढवला आणि आपला सरकारी दवंडीवाला राज्यभर धाडला. तो गावोगाव ओरडत निघाला, "राणीसाहेब भाकरी कुत्र्यांना टाकत नाहीत हो." आता गंमत बघा. पारावरच्या दवंडीवाल्यांचा आवाज बाजारापलीकडे कधी गेला नव्हता. डोंगराकडच्या गावांना राणीचं माहेर कुठलं हेसुद्धा ठाऊक नव्हतं. तिथे हा नगारा पोचला.

"काय म्हणतो गं हा?" एका म्हातारीने विहिरीवर विचारलं.

"राणी भाकरी कुत्र्याला टाकत नाही म्हणतो."

"अगं बाई, म्हणजे टाकत असणार. नाहीतर आमच्या दारात कुणी कशाला सांगायला येतंय, की म्हातारी कोंबड्या चोरत नाही म्हणून?"

झालं. पाराने जे बाजारात सोडलं होतं, ते राजाच्या बैलाने डोंगरावर नेऊन पोचवलं. विहिरी-विहिरींवर दोन तट पडले. सासवा म्हणू लागल्या, "अन्नाचा असा अपमान आमच्या घरात कुणी केला असता, तर दुसऱ्याच दिवशी माहेरी धाडली असती." सुना घागर उचलता उचलता पुटपुटत, "परक्या घरात आली आहे. शिकेल हळूहळू." म्हणजे बघा, राणीच्या बाजूनेही माणसं होती, आणि ती काही थोडीथोडकी नव्हती.

ती बाजूही राजाने घालवली. दवंडीवाल्यांतला एक गोड गळ्याचा त्याने हेरला. त्याला बागेच्या फाटकातून आत घेतलं, सरबत पाजलं आणि काय सांगायचं ते पढवलं. त्या संध्याकाळी तो पारावर चढून गाऊ लागला, "राणीसाहेब पहाटे उठतात, शेकड्याने भाकऱ्या थापतात, एकही करपत नाही हो."

सासवा हसल्या. सुना मात्र हसल्या नाहीत. त्यांना ते लागलं. "एकही करपत नाही म्हणे," एक नवी सून आपल्या पोळलेल्या बोटांकडे बघत म्हणाली. "आम्ही तिला आमच्यातली समजत होतो." आणि मागचं दार बंद ठेवून बागेचं फाटक उघडणाऱ्या राजाबद्दल उरलेले दवंडीवाले काय बोलले असतील, ते तुम्हाला सांगायला नको.

राणी रडू लागली. दासींनी ते पाहिलं, आणि ती बातमी भिंतीबाहेर गेली, पारावर चढली. आणि राजाने काय करावं? पुन्हा बैल जुंपला. या वेळी तर नगारा नदीच्या काठापर्यंत गेला. "राणीसाहेब मुळीच रडत नाहीत हो."

पलीकडच्या काठावर एक म्हातारी जाळं वाळत घालत होती. तिने ते ऐकलं, हातातलं जाळं खाली ठेवलं, पोह्यांचे लाडू फडक्यात बांधले आणि नावेत बसली. ती राणीची आई होती.

भाकरीच्या दिवसाच्या आदल्या सकाळी ती राजवाड्याशी पोचली. पुढच्या दरवाज्यावर पहारेकऱ्यांनी तिला ओळखलं नाही, म्हणून ती मागे वळली आणि बंद दाराच्या पायरीवर दवंडीवाल्यांच्या शेजारी टेकली. गाठोडं सोडून तिने एकेकाच्या हातावर लाडू ठेवला.

"कुणाकडे आलात, आजी?" थोरल्या दवंडीवाल्याने विचारलं.

"लेकीकडे. आत नांदते."

"काय करते आत?"

"राणी आहे."

लाडू तोंडातच राहिले. मग थोरला हळूच म्हणाला, "आजी, ती खरंच रडते का हो?"

"मला काय ठाऊक बाबा, मी आत्ता येते आहे. पण ज्या घरातून नगारा बडवून सांगतात, की आमच्याकडे कुणी रडत नाही, त्या घरात कुणीतरी डोळे पुसत बसलेलं असतं. म्हणून तर निघाले."

दाराच्या आत राणी पीठ मळत होती. आवाज ऐकला आणि तिचे हात थांबले. राजा शेजारीच उभा होता. तो खालच्या आवाजात म्हणाला, "उघडू नकोस. ते सगळे बाहेर बसले आहेत. तुझे डोळे सुजलेत, बोटं पोळलीत. तुला अशी पाहिली तर उद्या एक टोपली येणार नाही, आणि परवा आपण इथे नसू."

"बाहेर माझी आई आहे," राणी म्हणाली, आणि पिठाच्या हातांनीच तिने अडसर काढला.

दवंडीवाले उठून उभे राहिले. समोर राणी होती. कपाळावर पीठ, डोळे लाल. मागे करपलेल्या भाकऱ्यांची चळत. कितीतरी दिवस ज्यावर त्यांनी पोट भरलं होतं, ते सगळं एका नजरेत दिसलं. कुणाचा हात हलगीकडे गेला नाही.

राणीने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. मग ती थोरल्याकडे वळली. "भाकऱ्या मीच कुत्र्यांना घातल्या. करपल्या होत्या. शेकड्याने मी थापत नाही, दिवसातून एखादी धड होते. आणि हो, मी रडले."

"हे आधी सांगितलं असतं, बाईसाहेब..."

"कुणाला सांगणार? दार बंद होतं."

राजा पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता. "दार मी लावलं होतं," तो म्हणाला. "तेही सांगा."

"मग आमचंही सांगावं लागेल," थोरला म्हणाला. "आम्ही नुसत्या वासावर बातम्या रांधल्या."

त्या संध्याकाळी पारावरून एवढंच सांगण्यात आलं, जसं घडलं तसं. झोळ्यांत धान्य जरा कमीच पडलं. खरी बातमी तेवढी चमचमीत नसते.

दुसऱ्या दिवशी राणीने रिकाम्या ओट्यावर आपली भाकरी ठेवली. एक कड काळी झाली होती. "दुसरी करतेस का?" राजाने विचारलं. "नको," ती म्हणाली, "आज हीच झाली आहे." दोघं वाट बघत उभी राहिली. ऊन ओट्यावर आलं, तरी कुणी फिरकलं नाही. राजाने हळूच राणीचा हात धरला.

मग वाटेवर एक तरुण सून दिसली, मागे तोंड वाकडं केलेली तिची सासू. सुनेने टोपली उघडली. आतली भाकरी चांगली काळपट होती.

"मी म्हणत होते, दुसरी चांगली ने," सासू म्हणाली. "ऐकेल तर शपथ."

"यंदा गावची भाकरी आमच्या घरची, आणि पहिली हीच झाली," सून म्हणाली, आणि तिने ती राणीच्या भाकरीशेजारी ठेवली. राणीने वाकून तिच्यातला एक तुकडा मोडला आणि खाल्ला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिने पुसलं नाही. सासूने एकदा या भाकरीकडे पाहिलं, एकदा त्या. "दोघींच्याही तव्याखाली जाळ फार होतो," ती म्हणाली. "कमी करा." आणि ओट्याच्या कडेला बसून तिने ताक मागितलं.

त्यानंतर टोपल्या येत राहिल्या. ओटा अर्ध्याच्या बराच वर भरला. काठोकाठ मात्र भरला नाही. डोंगराकडच्या गावांच्या जागा रिकाम्या राहिल्या, कारण नगारा बैलावर बसून तिथे कधीच पोचला होता आणि खरी गोष्ट अजून पायी चालत होती.

"त्यांच्याकडे बैल धाडू का?" राजाने विचारलं.

"बैलाला विसावा द्या," राणी म्हणाली. "दार उघडं आहे. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी डोंगराकडून टोपल्या आल्या, आणि त्यांतल्या एकीत, मुद्दाम की चुकून कोण जाणे, भाकरी करपलेली होती.

तेव्हा लहानथोर हो, एवढं गाठीला बांधा: लोकांच्या तोंडामागे नगारा घेऊन धावू नये, आपलं दार उघडं ठेवावं.