तिखट कानांचे शेट

दाजीशेटच्या मिठागरात मिठाच्या पाट्या सगळेच सारख्या वाहत. पण मजुरी बाप्यांना आठ आणे, बायांना चार. विधवा चांगुणाने एक दिवस शेटना कारण विचारलंच.

"अगं, बाप्याच्या पाठीमागे संसार असतो," शेट ऐटीत म्हणाले.

"मग या नाम्याला आठ आणे कसे? तो तर सडाफटिंग."

"आज असेल. उद्या लग्न होईल, पोरं होतील!"

चांगुणाने डोक्यावरची पाटी खाली ठेवली. "शेट, कान भारी तिखट हो तुमचे! नाम्याच्या न जन्मलेल्या पोरांची भूक ऐकू येते, मग माझ्या जन्मलेल्या चौघांची कशी येत नाही?"

सगळं मिठागर हसलं, नाम्या सर्वांत मोठ्यानं. त्या शनिवारपासून एकट्या चांगुणाच्याच नव्हे, सगळ्या बायांच्या हातावर आठ-आठ आणे पडू लागले.