कातळगावचा रिकामा चौथरा

कातळगावात शिरल्यावर पाहुण्याच्या नजरेत आधी भरतो तो चौथरा. घडीव काळ्या दगडाचा, चांगला ऐसपैस, वर चढायला रुंद पायऱ्या. पण त्यावर कधी कुणाच्या गळ्यात हार पडलेला नाही. गावात घरटी एक माणूस फौजेत, छातीवर पदके मिरवणारे कितीतरी, आणि सत्काराचा चौथरा मात्र मिरच्या वाळवायला. पाहुणे हसू लागले की म्हातारे सुभेदार मांढरे त्यांना सावलीला बसवतात आणि अन्साबाईची गोष्ट सांगतात. तिच्यापुढे भल्याभल्यांची मात्रा चालली नाही, हे सांगताना सुभेदारांना अजूनही स्फुरण चढते.

पहिल्या मोठ्या लढाईच्या वेळी गावची पोरे बोटीने इराकात, बसऱ्याकडे गेली. त्यांत अन्साबाईचा एकुलता एक केरबा होता. निघताना तिने त्याच्या हातावर दही घातले. तो म्हणाला म्हणे, "आये, मी आलो की भाकरतुकडा ओवाळ. त्याबिगर मी आत पाऊल टाकायचा न्हाई." तिने शब्द दिला. रणात जखमी सोबत्यांना पाठीवर घालून आणता आणता केरबा पडला. त्याची मर्दुमकी सरकारदरबारी पोचली, पदक जाहीर झाले. अन्साबाईने रडणे गिळले आणि दाराला कडी घालायचे सोडून दिले. शब्द पाळायचा राहिला होता, तोवर तिला रडायचीही सवड नव्हती.

पदके द्यायला गोरा साहेब येणार म्हटल्यावर दौलतराव पाटलांच्या अंगावर मूठभर मांस चढले. त्यांनी हौसेने हा चौथरा बांधून घेतला. त्या दिवशी ताशे वाजले, साहेब वर चढला, बसऱ्याहून परतलेले जवानही वर रांगेत उभे राहिले. पहिले नाव केरबाचे पुकारले, पण पदक घ्यायला अन्साबाई आलीच नाही. पाटील तरातरा तिच्या दारात गेले. साहेब खोळंबलाय, गावाची अब्रू जाईल, पदक एकदा परत गेले की पुन्हा मिळायचे नाही, असे सगळे सांगून झाले. ती उंबऱ्यावरून हलली नाही.

"पाटील, माझं पोर ह्या उंबऱ्यावरनं गेलं," ती म्हणाली. "आता त्याचं जे काय माघारी यायचं ते हितंच येईल. त्या चौथऱ्यावरनं कोण लढाईला गेलं न्हाई."

तिचे बोलणे चौथऱ्यापर्यंत पोचले. रांगेतला पहिला जवान खाली उतरला आणि आपल्या दारात जाऊन उभा राहिला. मग दुसरा, मग सगळेच. वर उरले साहेब आणि ताशेवाले. साहेबाचा पारा चढला. पदकांची पेटी घेऊन तो घोड्यावर बसला आणि चालता झाला. पाटलांनी अन्साबाईशी बोलणे टाकले. म्हातारीने हट्टापायी पोराचे नावही घालवले, असे बायका पाणवठ्यावर बोलू लागल्या. तिला ते लागत नसेल का? लागतच असणार. पण दार उघडेच राहिले.

पुढच्या साली साहेब पुन्हा आला. असे सांगतात की चौथऱ्यापाशी त्याचा घोडा अडला तो काही केल्या पुढे सरेना. काहीजण म्हणतात, घोडाबिडा काही नाही, साहेबाचाच धाकटा भाऊ त्या लढाईत गेला होता आणि अन्साबाईचे शब्द त्याच्या डोक्यातून जात नव्हते. ते काही असो, साहेब केरबाचे पदक घेऊन पायी तिच्या दारी आला. तो आत येणार तोच तिने हात आडवा धरला आणि त्याला बूट काढायला लावले. त्याच्या पायांवर पाणी घातले, हातातल्या पदकावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग ते पदरात घेतले. "ये केरबा, आत ये," एवढेच म्हणाली आणि जी रडली ती दिवस मावळेपर्यंत रडली.

आजही कातळगावात शौर्याचा मान उंबऱ्यावरच घेतात. मंत्री असो की सेनापती, बोळातून चालत यावे लागते आणि बूट काढावे लागतात. मागच्या उन्हाळ्यात एका हवालदाराचे पदक घेऊन मोठे जनरलसाहेब आले होते. भर उन्हात अनवाणी दारापुढे उभे राहिले. आतून हवालदाराच्या विधवेचा आवाज आला, "जरा थांबा. भाकरी अजून तव्यावर हाय."

जनरलसाहेब थांबले.