सुनेचं नाव

"म्हणजे फादर, अजूनही आपण सिस्टर क्लोतिल्दांना संत म्हणायला तयार नाही?"

फादर जॉयलला धाप लागली होती. वसईच्या टळटळीत उन्हात फाटकाशी गाडी लावून तो धावतच आत आला होता. रोमला शिकून आलेला, हुशार, तरुण. सिस्टरांच्या संतपदाची चौकशी धर्मप्रांताने त्याच्यावर सोपवली होती.

समोर नव्वदीचे फादर बेंतो. सिस्टरांबरोबर कुष्ठरोग्यांच्या इस्पितळात राबलेले तेच एकटे उरले होते.

"मी कुठं नाही म्हणालो?"

"मग सही का करत नाही?"

"तू लिहून आणलंयस, 'मी चमत्कार पाहिला.' मी पाहिलं, सिस्टर जखमा धुवायच्या. तीस वर्षं."

"पण आता चमत्कारच सापडलाय!" जॉयलचा आवाज चढला. "गास गावची मोनिकाबाय. दोन्ही डोळे गेलेले. तीन डॉक्टरांनी हात टेकले. नऊ महिने ती रोज सिस्टरांच्या कबरीवर येत होती... आणि परवा तिथंच ओरडली, 'मेणबत्ती दिसतेय!' एकोणीस साक्षीदार आहेत, फादर!"

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"देवाची कृपा! पण आंधळी बाई रोज यायची कशी?"

"सून आणायची. हाताला धरून, दोन मैल चालत."

"थांब, थांब. मोनिकाबाय... हिनेच ना सुनेला लेकरासकट घराबाहेर काढलं होतं?"

"तीच. अकरा वर्षं सून माहेरी होती. सासूचे डोळे गेल्याचं कळलं, तशी आपणहून परत आली. पण ते चौकशीत बसत नाही, फादर."

फादर बेंतो पुढे झुकले.

"नाव काय तिचं?"

जॉयलने फाईल चाळली. पुन्हा चाळली. डॉक्टरांची नावं होती, एकोणीस साक्षीदारांची होती.

"इथं... 'सून' एवढंच लिहिलंय."

म्हातारे फादर ताडकन उठले. काठी खाली पडली, तिकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. अनवाणीच ते दाराकडे निघाले.

"फादर! ऊन आहे बाहेर! आणि सही...?"

"गाडी काढ, पोरा, लवकर! सिस्टर थांबतील. ही सून अजून जिवंत आहे!"